घड्याळ ‘अनप्रॉडक्टिव्ह’ म्हणतं तेव्हा

पत्र:

मी ४३ वर्षांची, सांगलीत पतसंस्थेत नोकरी करते. दीड वर्षापूर्वी आमराईत चालायला जायला लागले, हळूहळू धावायला लागले. फेब्रुवारीत १० किलोमीटर ६६ मिनिटांत केले, घरात पेढे वाटले. मग आमच्या ग्रुपने सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी (२१.१ किलोमीटर, घाट चढून) नावं दिली आणि सगळ्यांचं एकच टार्गेट ठरलं, सव्वादोन तास. आमच्या लीडरने मुंबईत हाफ २ तास ८ मिनिटांत केली आहे, त्यावरून. त्याशिवाय ग्रुपमध्ये ‘१०० दिवस रोज धावा’ चालू आहे, माझा आज ६१ वा दिवस. रोज १० हजार पावलं. गणपतीपर्यंत ८ किलो वजन कमी. घड्याळात झोपेचा स्कोअर, हार्ट रेट, व्हीओटू मॅक्स (दमाचा अंदाज) सगळं बघते. गेल्या रविवारी ग्रुपबरोबर १८ किलोमीटर धावले, त्याआधी कधी १२ च्या वर गेले नव्हते. तेव्हापासून डावी नडगी दुखते. सगळे नियम पाळूनही घड्याळ ‘अनप्रॉडक्टिव्ह’ दाखवतं. हल्ली जिना चढतानाही दम लागतो. गेले दोन महिने पाळी लवकर आणि जास्त येते. नवरा म्हणतो, बंद कर हे खूळ. घाटाला तीन महिने आहेत. बंद करू का? की अजून शिस्त लावू?
— एक धावणारी, सांगली

उत्तर:

ताई,

बंदही करू नका आणि आणखी शिस्तही लावू नका. शिस्त तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्तच आहे. ती कुणाच्या हिशेबाने चालली आहे, एवढंच बघायचं आहे.

आधी नडगी, कारण ती थांबणार नाही. खुर्चीत बसा, पाय सैल सोडा आणि नडगीच्या आतल्या कडेने, गुडघ्याखालून घोट्यापर्यंत, अंगठ्याने दाबत खाली या. वीतभर पट्टा ठणकत असेल, धावायला लागल्यावर दुखून मग कमी होत असेल, तर बहुधा हाडाला चिकटलेल्या भागावर ताण आला आहे. धावणारे त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. पण दुखणं एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी असेल, तिथे दाबल्यावर तुम्ही दचकत असाल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तसं असेल तर याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रेमध्ये असा तडा बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. दुखणं तसंच राहिलं तर एमआरआयबद्दल विचारा.

दोन्हीपैकी काहीही असो, ६२ वा दिवस धावायचा नाही. मला माहीत आहे, सगळ्यात जास्त हेच टोचेल. ६१ दिवसांची साखळी मोडायची म्हणजे जिवावर येतं. पण ही साखळी नेमकं काय मोजते? तुम्ही घराबाहेर पडलात की नाही, एवढंच. हाड, स्नायू, रक्त यांची डागडुजी विश्रांतीच्या दिवशी होते आणि या मोजमापात तो दिवस नापास ठरतो. नवशिक्या माणसाला सवय लावायला अशी आव्हानं बरी. तुम्हाला सवय लागून वर्ष उलटलं आहे. ग्रुपवर एक ओळ टाका, ‘नडगी दुखावली आहे, दोन आठवडे थांबते,’ आणि खाली कोण काय लिहितं ते वाचत बसू नका. त्या काळात सायकल चालवा, पाण्यात उतरा, दुखत नसेल तर चाला.

नडगी नेमकी कशाने बिघडली, त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. १२ वरून एकदम १८. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, हा नियम तुम्ही ऐकला असेल. २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या नोंदी तपासून एक अभ्यास आला. आठवड्याच्या बेरजेपेक्षा त्यात वेगळीच गोष्ट ठळक दिसली. गेल्या तीस दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून जास्त लांब गेली, की दुखापतीचा धोका वाढतो. म्हणजे सोमवार ते शनिवार कितीही जपून वागा, रविवारी ग्रुपच्या नादाने सहा किलोमीटर जास्त मारले की सगळं मुसळ केरात. पुन्हा सुरू कराल तेव्हा ते १८ विसरा, १२ हाच तुमचा शेवटचा लांबचा पल्ला धरा. तिथून १३, मग १४, मग १५, साडेसोळा, १८. पण दर आठवड्याला नाही, एक रविवार सोडून एक. मधल्या रविवारी निम्मं. नडगी दोन आठवड्यांत शांत झाली, तर तीन महिन्यांत हे निवांत बसतं. नाही झाली, तर पुढच्या वर्षीही तो घाट तिथेच असणार आहे.

आता सव्वादोन तास. मी पत्र बाजूला ठेवून आधी भागाकार केला. ६६ मिनिटांत १० म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ३६ सेकंद. सव्वादोन तासांत २१.१ म्हणजे ६ मिनिटं २४ सेकंद. म्हणजे सपाट रस्त्यावर, थंडीत, जीव तोडून जे दहा किलोमीटर धावलात, त्याहून जास्त वेगाने दुप्पट अंतर धावायचं, तेही यवतेश्वरचा घाट चढून! एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याचा अंदाज काढायचं पीटर रीगल नावाच्या अमेरिकी इंजिनिअरचं जुनं सूत्र आहे. त्यात तुमचे आकडे घातले तर सपाट रस्त्यावरच्या हाफची वेळ २ तास २६ मिनिटांच्या आसपास येते, तीही तयारी पुरी झालेली असेल तर. घाटाची वेळ त्याच्यावर. तुमच्या लीडरची वेळ मुंबईतली, जानेवारीतली, पहाटेची आणि त्यांच्या पायांची आहे. ती तुमच्या घड्याळात घालायचं काही कारण नाही. या टार्गेटमागे तुम्ही धावलात तर चौथ्या-पाचव्या किलोमीटरला, घाट नुकता लागलेला असताना, तुमचा खेळ संपेल आणि पुढचे पंधरा किलोमीटर ‘मला जमतच नाही’ असं म्हणत जातील. जमत नाही असं काही नाही. गणितच चुकीचं मांडलं आहे.

साताऱ्याची ही स्पर्धा २०१२ पासून होते आणि तिचा स्वभाव साधा आहे. पहिली अर्धी शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्यावर चढायची, मग त्याच वाटेने उतरायची. चढाला सगळे घाबरतात, पाय मात्र उतारावर फुटतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाता जोर लावतो, ब्रेक लावल्यासारखा, आणि त्याची सवय नसेल तर पंधराव्या किलोमीटरनंतर मांड्या दगड होतात. सांगलीचे रस्ते सपाट. आमराईच्या फेऱ्यांनी ही सवय लागणार नाही. महिन्यातून दोन रविवार दंडोबाच्या डोंगरावर जा. चढताना वेगाचा आकडा बघू नका, शेजारचीशी तुटक का होईना बोलता आलं पाहिजे. बोलणं बंद पडलं की चाला. घाटात चालणं म्हणजे हार नव्हे, भले भले चालतात. उतरताना पावलं छोटी आणि भराभर, टाच पुढे आपटायची नाही. आणि घरी आठवड्यातून दोनदा, भाजी शिजेपर्यंतच्या वेळात, जिन्याच्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली टेकायचं आणि परत वर. दहा-दहा वेळा. मग पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली. याला कुठलं ॲप गुण देत नाही. घाटात उपयोगी मात्र हेच पडतं.

मग तुमचं ध्येय काय असावं? मी तुमच्या जागी असते तर तीन लिहिली असती, एकाखाली एक. सर्वात खालचं: सुरुवातीच्या रेषेवर न दुखणाऱ्या नडगीने उभं राहणं. मधलं: चढ बोलता येईल अशा दमाने चढणं, म्हणजे उतारावर पाय हातात राहतील. वरचं: वेळ. पण ती वेळ आज, जूनमध्ये ठरवायची नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दंडोबावर एक लांब धाव होईल, तिच्यावरून ठरवा. आयोजकांची वेळमर्यादा तेवढी आत्ता बघून ठेवा. त्या दिवशी वरचं हुकलं तरी खालची दोन हातात राहतात. ग्रुपने दिलेलं टार्गेट एकच होतं आणि ते हुकलं की हाती भोपळा.

आता ते घड्याळ. ते तुमच्यावर रागावलेलं नाही. एवढ्या वेगाला एवढे ठोके, यावरून ते तुमच्या दमाचा अंदाज बांधतं. फेब्रुवारीच्या गारव्यात ज्या वेगाला १४५ ठोके पडत होते, त्याच वेगाला मे-जूनच्या उकाड्यात १५५-१६० पडतात, कारण रक्ताला स्नायूंबरोबर कातडीही थंड ठेवायची असते. घड्याळाला वाटतं, बाई ढेपाळल्या. शिवाय मनगटावरचा हिरवा दिवा ठोके प्रकाशाने मोजतो. पट्टा सैल असेल, घाम आला असेल, तर तो कधीकधी हृदयाऐवजी पावलांचा ठेका पकडतो. सावकाश धावतानाही आकडा १६५-१७० वर चिकटून बसत असेल तर हीच शंका घ्या. पट्टा मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर सरकवून घट्ट करा. आणि जास्तीत जास्त ठोके ‘२२० वजा वय’ धरून आखलेले ते रंगीत झोनही अंदाजेच असतात. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

झोपेचा स्कोअर तर आजच बंद करा. स्कोअर कमी आला म्हणून दिवसभर मरगळून बसणाऱ्या लोकांबद्दल अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांनी २०१७ मध्येच लिहिलं आहे. चांगल्या झोपेच्या हव्यासाने झोप उडते, त्याला त्यांनी ऑर्थोसोम्निया असं नावही दिलं. १० हजार पावलांची गोष्ट याहून गमतीची आहे. तो आकडा मुळात वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असं होतं. रोज धावणाऱ्या बाईने रात्री साडेदहाला हॉलमध्ये फेऱ्या मारून उरलेली सातशे पावलं पुरी करायची, याला काही अर्थ नाही. त्या वेळात झोपा.

मोजू नका असं मी म्हणत नाही. आवड असेल तर जरूर मोजा. माझी एकच अट: ज्या आकड्यामुळे उद्या सकाळी तुम्ही काही वेगळं करणार नाही, तो आकडा लिहायचा नाही. ही अट लावली तर तुमच्या यादीतलं फारसं काही उरत नाही. पतसंस्थेत कोरी वही मिळेलच. तिच्यात चार गोष्टी लिहा. उठायच्या आधी अंथरुणातच मिनिटभर मोजलेली नाडी. किती मिनिटं धावलात. किती कष्ट पडले, दहापैकी. आणि एक ओळ. उदाहरणार्थ:

‘मंगळवार. नाडी ६४. ४० मिनिटं. कष्ट ३. आमराईत चिखल, दोन फेऱ्या कमी. नडगी जिना उतरताना दुखली नाही. पाळीचा दुसरा दिवस.’

मिनिटं आणि कष्ट यांचा गुणाकार करायचा. ४० गुणिले ३, १२०. रविवारची दंडोबाची ९० मिनिटं, कष्ट ६, म्हणजे ५४०. आठवड्याची बेरीज मांडली की दिसतं, गाडी चढतेय की उधळलीय. खेळाडूंचे प्रशिक्षक खरोखर वापरतात अशी ही रीत आहे, त्याला यंत्र लागत नाही. नाडी लागोपाठ दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठने वर असेल तर ताप, अपुरी झोप किंवा जास्तीचं धावणं यांपैकी काहीतरी आहे, त्या दिवशी चालायला जायचं. महिन्यातून एकदा एकाच रस्त्यावर, त्याच वेळी, बोलता येईल अशा दमाने पाच किलोमीटर धावा आणि किती वेळ लागला ते लिहा. तेवढ्याच कष्टात वेळ कमी होत गेला, की तुम्ही सुधारताय. घड्याळ काहीही म्हणो.

आणि पाळी लिहिलीच पाहिजे. तुमच्या पत्रात ती शेवटाकडे, जिन्यावरच्या दमाच्या शेजारी आली आहे, आणि मला वाटतं तिथेच खरी गोम आहे. पाळी लवकर आणि जास्त, जिना चढताना दम, धावण्यात प्रगती नाही. हे तिन्ही एकत्र दिसलं की आधी रक्त तपासायचं, नंतर स्वभावाला दोष द्यायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. तेव्हा तुम्ही काही जगावेगळ्या नाही. हिमोग्लोबिनबरोबर फेरीटिनही तपासायला सांगा. हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं तरी शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरीटिन, तळाला गेलेला असू शकतो आणि धावणाऱ्या बाईला तो आधी जाणवतो. थायरॉइडही त्याच नमुन्यात होऊन जाईल. गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका. किती आणि किती दिवस हे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील. जास्त रक्तस्राव का होतोय, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. ‘या वयात होतंच’ म्हणून सोडून देऊ नका.

तुमची सकाळ मी न सांगता ओळखते. पाचला बाहेर, सहाला घरी, घामाच्या कपड्यांतच चहा, मग डबे, मग सगळ्यांचा नाश्ता, आंघोळ, धावपळ करत ऑफिस, आणि पोटात पहिला घास साडेअकराला. आठ किलो कमी करायचे म्हणून कदाचित तोही अर्धा. एवढं धावून एवढं कमी खाल्लं की शरीर काटकसर सुरू करतं. आधी पाळी बिघडते, मग हाडं, मग दुखापती भरून यायला वेळ लागतो. ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये यावर इशारा दिला होता, आणि तो फक्त ऑलिम्पिकवाल्यांना लागू नाही. म्हणून ते ८ किलो स्पर्धा होईपर्यंत वहीतून खोडून टाका. घाट आणि वजन, दोन्ही एकाच तीन महिन्यांत नकोत. धावून आल्यावर अर्ध्या तासात खा: दोन अंडी आणि भाकरी, किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ लिंबू पिळून, किंवा रात्रीची पोळी आणि दही, जे हाताशी असेल ते. चहा त्याच्यासोबत नको. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, तासाभराने घ्या. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते जास्त लागतं. आणि आधी खायचं, मग डबे भरायचे. डबा पाच मिनिटं उशिरा भरला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

नवऱ्याचं ‘खूळ’ मला तितकंसं खूळ वाटत नाही. बायको लंगडतेय, दमतेय, रात्री हॉलमध्ये फेऱ्या घालतेय, हे दिसल्यावर कुणीही तेच म्हणेल. त्यांना वही दाखवा. दंडोबाच्या रविवारी नाश्ता त्यांच्याकडे द्या आणि जमलं तर गाडी घेऊन वर येऊ दे, पहाटे त्या रस्त्याला एकट्या बाईने जायचंच नाही. ग्रुप सोडायची गरज नाही. लोक चांगले असतात, फक्त सगळ्यांना एकाच मापाचे कपडे शिवतात. ॲपवर तुमच्या धावा फक्त तुम्हालाच दिसतील अशी सोय असते, ती तीन महिने चालू ठेवा. टाळ्या थांबल्या की पहिला आठवडा चुकल्यासारखं वाटेल.

बुटांचं राहिलं. दीड वर्ष तेच वापरत असाल तर ५०० ते ८०० किलोमीटरच्या पुढे ते गेलेच असतील. वरून चकचकीत दिसले तरी आतला फोम बसलेला असतो आणि नडगीला त्याचाही हातभार लागतो. नवे घेताना संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. अंगठ्यापुढे अंगठ्याएवढी जागा सोडा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घ्या, म्हणजे दंडोबाच्या निदान दोन रविवारी ते पायात असतील. आणि तळ बघून घ्या. सप्टेंबरात घाटाचा रस्ता ओला असतो.